घर थंड ठेवण्याचा सल्ला: उज्जैन नगर निगमाला खुले पत्र

प्रति,
मा. महापौर आणि मा. आयुक्त,
उज्जैन नगर निगम, उज्जैन

विषय: बेताच्या खर्चात घराची ऊर्जाबचत करू पाहणाऱ्या रहिवाशांना वास्तुविशारदाचा सल्ला मिळण्याबाबत

सन्माननीय महोदय,

घराच्या दुरुस्तीसाठी पैसे मोजकेच असतील, तेव्हा वास्तुविशारदाची गरज जास्त असते. ज्याच्याकडे पैसा मुबलक आहे त्याची एखादी खिडकी चुकली, तर तो तिथे आणखी एक एसी लावून मोकळा होतो. पोटाला चिमटा काढून दोन लाख रुपये साठवलेल्या माणसाची तीच चूक पुढची पंधरा-वीस वर्षे दर महिन्याच्या वीजबिलातून वसूल होत राहते. उज्जैनमध्ये मात्र देवास रोडवरच्या नव्या बंगल्याला वास्तुविशारद मिळतो आणि दौलतगंज, क्षीरसागर किंवा फ्रीगंजातल्या जुन्या घराची डागडुजी मिस्त्रीच्या अंदाजावर होते. नकाशा काढला जातो तो निगमाच्या मंजुरीपुरता. ऊन कोणत्या भिंतीवर येते आणि वारा कुठून बाहेर जातो, हे त्या कागदावर कुठेच नसते.

हा विषय आता तातडीचा झाला आहे, कारण २०२८चा सिंहस्थ जवळ आला आहे. सिंहस्थाची स्नाने चैत्र-वैशाखात, म्हणजे माळव्यातल्या ऐन उन्हाळ्यात येतात. ऑक्टोबर २०२२मध्ये महाकाल लोक खुले झाल्यापासून यात्रेकरूंची ये-जा वाढली आणि मंदिराच्या आसपासच्या घरांनी वरच्या मजल्यावर खोल्या चढवून त्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. या खोल्या स्लॅबच्या अगदी खाली असल्याने घरातल्या सर्वांत तापणाऱ्या खोल्या त्याच. दुसरीकडे रस्ता रुंदीकरणात केडी गेट ते इमली तिराहा या मार्गावरच्या घरांचे दर्शनी भाग मागे घ्यावे लागले. अशा ठिकाणी जुनी हातभर जाडीची भिंत जाते आणि तिच्या जागी घाईघाईने साडेचार इंची विटेची भिंत, मोठी काच किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचे आवरण येते. मालकाने पैसे खर्च केलेले असतात, घर नवे दिसू लागते आणि पहिल्याच मे महिन्यात ते राहण्याजोगे उरत नाही. रुंदीकरण आवश्यक होते की नव्हते, हा या पत्राचा विषय नाही. जे घर नव्याने उभे राहणारच आहे ते नीट उभे राहावे, एवढाच इथला मुद्दा आहे.

उज्जैनपुरता विचार केला, तर ऊर्जाबचतीची सुरुवात सूर्याच्या वाटेपासून होते. शहर उत्तर अक्षांश २३ अंश ११ कलांवर, कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात बांधलेल्या आणि माधवराव शिंद्यांच्या काळात, १९२३मध्ये दुरुस्त झालेल्या इथल्या वेधशाळेत २१-२२ जूनच्या मध्यान्ही शंकूची सावली जवळजवळ नाहीशी होते. घराच्या भाषेत सांगायचे, तर उन्हाळ्यात दुपारचे ऊन सरळ छतावर पडते. दक्षिणेच्या भिंतीवर ते फारसे पडत नाही. सकाळी पूर्वेची आणि दुपारनंतर पश्चिमेची भिंत तापते, आणि पश्चिमेची जास्त जाचते, कारण त्या वेळी हवाही तापलेली असते.

आकडे पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. चार फूट उंचीच्या खिडकीवर दीड फुटाचा छज्जा आहे, असे धरू. खिडकी दक्षिणेला असेल, तर मेच्या मध्यावर मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ८६ अंश वर असतो आणि छज्ज्याची सावली सबंध खिडकी झाकून खाली उतरते. डिसेंबरच्या अखेरीस तोच सूर्य सुमारे ४३ अंशांवर असतो. तेव्हा छज्जा खिडकीचा वरचा सुमारे दीड फूट झाकतो आणि खालच्या अडीच फुटांतून थंडीतले हवेहवेसे ऊन आत येते. म्हणजे एकच छज्जा दोन्ही ऋतूंत योग्य काम करतो. आता तीच खिडकी, तोच छज्जा पश्चिमेला लावून पाहावा. मेच्या मध्यावर दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य ३४ अंशांपर्यंत उतरलेला आणि भिंतीच्या जवळजवळ समोर असतो. छज्जा जेमतेम एक फूट झाकतो. उरलेले तीन फूट उन्हात असतात. छज्जा दुप्पट केला तरी अर्धी खिडकी उघडीच राहते. पश्चिमेला आडवा छज्जा पुरत नाही, तिथे उभी फळी, जाळी, बाहेरची चिक किंवा झाड लागते. हे गणित करायला पाच मिनिटे लागतात. पण ते कोणी केलेले नसते, म्हणून गल्लोगल्ली चारी दिशांना एकाच मापाचे छज्जे दिसतात.

छताचे महत्त्व याहून मोठे आहे. माळव्यातल्या जुन्या वाड्यांत आणि कवेलूच्या घरांत छताखाली माळा असायचा, भिंती जाड असायच्या आणि मधल्या चौकातून गरम हवा वर निघून जायची. आताची बहुतेक घरे चार-पाच इंची काँक्रीट स्लॅबची आहेत. स्लॅब दिवसभर तापते आणि साठवलेली उष्णता संध्याकाळनंतर खोलीत सोडू लागते. रात्री नऊला पलंगावर उभे राहून छताकडे हात नेला, तर हाताला धग लागते. त्याच वेळी गच्चीवर मात्र गार वारा सुटलेला असतो. माळव्याच्या रात्रींची ख्याती उगाच नाही. मे महिन्यात पारा दिवसा चाळिशीच्या वर गेला, तरी पहाटेपर्यंत हवा बरीच निवते. हा दिवस-रात्रीतला फरक घराला फुकट मिळालेला आहे. स्लॅब तापू दिली नाही आणि रात्रीच्या हवेला घरातून वाट काढून दिली, तर एसीची गरज काही खोल्यांत संपते आणि काहींत निम्म्यावर येते.

केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने डिसेंबर २०१८मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. तिच्यात छतातून आत येणाऱ्या उष्णतेवर मर्यादा घातली आहे: दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला १.२ वॅट. उघड्या काँक्रीट स्लॅबमधून याच्या दुपटीहून जास्त उष्णता येते. मात्र ही संहिता ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांसाठी लिहिली गेली. जुन्या उज्जैनच्या पेठांतले क्वचितच एखादे घर त्या मापात बसेल. नव्या बांधकामाच्या प्रयोगांनाही पाठबळ मिळते. इंदूरला केंद्राच्या ‘लाइट हाउस’ प्रकल्पात १,०२४ घरे सँडविच पॅनेलच्या तंत्राने बांधली गेली. जुन्या, छोट्या, आधीच उभ्या असलेल्या घराकडे मात्र ना नियमाचे लक्ष आहे, ना योजनेचे. त्याच्या वाट्याला येतो तो शेजाऱ्याचा सल्ला आणि दुकानदाराचा आग्रह.

म्हणूनच प्रशिक्षित माणूस हवा. पण कोणता? वास्तुविशारद अधिनियम, १९७२ अन्वये स्वतःला ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेण्याचा अधिकार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्यालाच आहे. नोंदणी क्रमांक ‘सीए’ या अक्षरांनी सुरू होतो, त्यापुढे नोंदणीचे वर्ष असते आणि तो कौन्सिलच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. मार्च २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केले, की हा कायदा पदवीनामाचे रक्षण करतो. आराखडे काढण्याचे काम इतरांनी करूच नये, असे तो म्हणत नाही. त्यामुळे बाजारात ‘डिझायनर’, ‘कन्सल्टंट’, ‘इंटिरियर’ अशा पाट्या लावून काम करणारे बेकायदा ठरत नाहीत, आणि त्यांच्यातले काही उत्तम कामही करतात. फक्त ग्राहकाने पाटीवर विसंबू नये. इंटिरियर डिझायनरला अशी कायदेशीर नोंदणी लागत नाही. नकाशा मंजूर करून आणणारा ड्राफ्ट्समन ऑनलाइन अर्जात वाकबगार असतो, पण तापणारी भिंत हा त्याचा विषय नसतो. आणि जुन्या घराच्या छतावर काहीही वजन चढवायचे असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनीअरची एक भेट अपरिहार्य आहे. ब्युरोचे प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षकही असतात. त्यांचे काम मुख्यतः कारखाने आणि मोठ्या इमारतींचे, चार खोल्यांच्या घराला त्यांची गरज सहसा पडत नाही.

वास्तुविशारद इंदूर-भोपाळहूनच आणायला हवा असे नाही, पण तिथला असला तरी अडचण नाही. भोपाळला मॅनिट आणि २००८पासून स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर या दोन्ही संस्थांतून वास्तुशास्त्राचे पदवीधर बाहेर पडतात. तरुण वास्तुविशारदाला सुरुवातीच्या काळात छोटी कामे हवी असतात, आणि छोट्या कामाला मन लावून वेळ देणारा माणूस हा नावाजलेल्या पण हात भरलेल्या माणसापेक्षा या कामाला अधिक उपयोगी पडतो. कमी पैशांतली वास्तुरचना हलक्या दर्जाची असते, हा समज खोटा ठरवणारे उदाहरण तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरला अरण्य ही वसाहत आखली. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना जोते, संडास-न्हाणीचा गाभा आणि नळ-गटाराची जोडणी द्यायची, आणि घर ज्याचे त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचे, अशी ती योजना होती. १९९५मध्ये तिला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. एकमेकांना लागून असलेल्या घरांच्या सामाईक भिंती उन्हापासून आपोआप वाचतात. उज्जैनच्या जुन्या गल्ल्यांतही हेच आहे: घराला तापणाऱ्या बाजू फक्त तीन, पुढची, मागची आणि वरची. म्हणजे उपायही तिथेच करायचे आणि खर्चही तेवढाच.

निवड करताना त्याने केलेल्या घरांचे फोटो बघण्यापेक्षा त्या घरांत राहणाऱ्यांशी बोललेले बरे. उन्हाळ्यात वरच्या खोलीत दुपारी झोपता येते का, पावसाळ्यात छत गळले का, ठरलेल्या खर्चात काम झाले का, या तीन प्रश्नांनी पुष्कळ कळते. पहिल्या भेटीतली वागणूकही बरेच सांगून जाते. जाणता माणूस आल्या आल्या वर्षभराची वीजबिले मागतो, उत्तर कुठे आहे हे होकायंत्रावर पाहतो, मग थेट गच्चीवर जातो. तिथे उतार कुठे आहे, पाणी कुठे साचते, पन्हाळी कुठे तुंबते, टाकी कोणत्या बीमवर ठेवली आहे, शेजारच्या तिसऱ्या मजल्याची सावली किती वाजता पडते, हे तो टिपून घेतो. खाली उतरल्यावर घरातली माणसे दुपारी कुठे बसतात, म्हातारी माणसे कोणत्या खोलीत झोपतात, स्वयंपाकघरातली गरम हवा कुठे जाते, हे विचारतो. शक्य झाल्यास तो मे महिन्यात दुपारी साडेचारलाच येतो. ज्याने पहिल्या अर्ध्या तासात फॉल्स सीलिंगचा कॅटलॉग उघडला, त्याच्याकडून ऊर्जाबचत होण्याची आशा कमी. प्लास्टर ऑफ पॅरिसचे सीलिंग स्लॅबची उष्णता अडवायला फारसे कामाचे नसते. खोलीची उंची मात्र खाते.

मानधन हा अडखळण्याचा खरा मुद्दा आहे. एकूण खर्चाच्या टक्केवारीने मानधन घ्यायची रूढ पद्धत मोठ्या कामांना ठीक आहे. छोट्या दुरुस्तीत ती दोघांनाही अडचणीची ठरते: वास्तुविशारदाला हाती काही पडत नाही आणि खर्च कमी केला की त्याचेच मानधन घटते. बेताच्या कामासाठी ठोक रक्कम ठरवावी आणि तिचे तुकडे करावे. पहिला तुकडा फक्त एका भेटीचा आणि दोन-चार पानी लेखी अहवालाचा. त्यात घराचा साधा मोजमापी आराखडा, काय आधी आणि काय नंतर, आणि प्रत्येक कामाचा अंदाजे खर्च असावा. एवढ्यावर संबंध थांबला तरी ग्राहकाचे नुकसान नाही, कारण अहवाल हाताशी राहतो आणि कामे दोन-तीन वर्षांत जमेल तशी उरकता येतात. दुसरा तुकडा तपशीलवार रेखाटनांचा आणि परिमाण-दरपत्रकाचा. तिसरा प्रत्यक्ष कामावर ठरावीक भेटींचा: वॉटरप्रूफिंगच्या दिवशी, भिंत उभी राहताना आणि शेवटी. कौन्सिलच्या १९८९च्या व्यावसायिक आचार नियमांनुसार कामाच्या अटी आणि मानधनाचा तक्ता आधी सांगणे हे वास्तुविशारदाचे कर्तव्य आहे. ग्राहक किंवा काम मिळवण्या-मिळवून देण्यासाठी कमिशन, सवलत किंवा भेटी घेण्या-देण्यालाही त्यात मनाई आहे. टाइल्स आणि प्लायवुडच्या दुकानांतून मिळणारा हिस्सा ही उघड गुपित असलेली गोष्ट आहे. तो नको असेल, तर ‘खरेदी घरमालक स्वतः करेल’ असे करारात एका ओळीत लिहावे, आणि वास्तुविशारदाला त्याच्या वेळेचे पुरते पैसे द्यावेत. सल्ला फुकट मागितला, की त्याची किंमत दुसऱ्या वाटेने मोजावी लागते.

हा सल्ला काय देतो, ते पैशांत मांडून पाहता येते. समजा, एका घरात चार साधे पंखे आहेत आणि उन्हाळ्यात महिन्याला २१० युनिट वीज लागते. साधा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, कमी वीज घेणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. दिवसाला पंधरा तास धरले, तर एका पंख्यामागे महिन्याला २० युनिट वाचतात, चार पंख्यांचे ८०. बिल १३० युनिटांवर येते. मध्य प्रदेशात याला वेगळे महत्त्व आहे, कारण राज्याच्या गृह ज्योती योजनेची सवलत महिन्याला १५० युनिटांपर्यंतच मिळते: पहिल्या १०० युनिटांना १०० रुपये. १५० ओलांडले की त्या महिन्याची सवलत गेली. चार पंख्यांचा खर्च साधारण बारा हजार, आणि घर पुन्हा सवलतीच्या अलीकडे. जानेवारी २०२३पासून पंख्यांवर ब्युरोचे तारांकन सक्तीचे झाले आहे, त्यामुळे दुकानात निवड करणेही सोपे आहे. असे असूनही दुरुस्तीच्या यादीत पंखे बहुधा शेवटी येतात.

दुसरा क्रम छताचा. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे चुना किंवा उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंग. तो दर एक-दोन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो, आणि माळव्याची काळी धूळ बसली की धुवावाही लागतो. पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक महाग, पण टिकाऊ. त्यात उतार आणि पाणीरोधनही एकदमच होते. स्लॅबवर उष्णतारोधक फोमचे दोन इंची पत्रे घालून त्यावर पाणीरोधक थर आणि कोबा केला, तर खालची खोली सर्वांत चांगली सुधारते. यातला कोणता उपाय कोणत्या घराला, हे गच्ची पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. मिस्त्री सवयीने विटांच्या तुकड्यांचा कोबा सुचवतो. चार इंची कोब्याचे वजन दर चौरस मीटरला दीडशे किलोहून जास्त भरते. जुन्या, गंजू लागलेल्या सळयांच्या स्लॅबवर जुना कोबा न काढता नवा चढवणे धोक्याचे आहे. अशा ठिकाणी वास्तुविशारद आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरचे मानधन हा विम्याचा हप्ता मानावा.

त्यानंतर पश्चिम. खिडकी असेल तर बाहेरून सावली. आतल्या पडद्याने फारसे साधत नाही, कारण तोवर उष्णता काचेतून आत आलेली असते. रुंदीकरणात पुढची भिंत नव्याने उठणार असेल, तर साडेचार इंचांऐवजी नऊ इंची भिंत आतली पोकळी राखून बांधता येते. विटा उभ्या लावून केलेल्या या रचनेचा, रॅट-ट्रॅप बाँडचा, वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात मोठा वापर केला. तिच्यात नेहमीच्या नऊ इंची भिंतीपेक्षा सुमारे पाव भाग विटा वाचतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते. मिस्त्रीला ती येत नसेल, तर हलक्या एएसी ब्लॉकची भिंत हा दुसरा मार्ग आहे.

वाऱ्याच्या वाटेला खर्च जवळजवळ नसतो, फक्त डोके लागते. जिन्यावरच्या टोपीला वरच्या बाजूला उघडझाप करता येणारी झडप ठेवली आणि खालच्या मजल्यावर जाळीचे दार केले, तर रात्री गरम हवा जिन्यातून वर निघते आणि खालून गार हवा आत येते. जुन्या घरात चौक उरला असेल, तर तो पत्र्याने किंवा फायबरने कायमचा बंद करू नये. उघडता येईल अशी छत्री करावी. कूलरचेही तसेच. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो एसीच्या कितीतरी कमी विजेत काम भागवतो, पण समोरच्या बाजूने हवा बाहेर पडायला वाट नसेल, तर खोली नुसती दमट होते. शिवाय कूलरला पाणी लागते. गंभीर धरणावर अवलंबून असलेल्या शहरात, उन्हाळ्यात दिवसाआड नळ येत असताना, चार कूलर चालवणे हा उपाय होत नाही. छत आणि पश्चिम सांभाळली की चाराच्या जागी एक पुरतो.

एसी आणि सौर पॅनेल यानंतर येतात. घर आधी सुधारले, तर दीड टनाऐवजी एक टनाचा एसी भागतो आणि सौर संचही लहान लागतो. फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्य घर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तीन किलोवॅट किंवा अधिक क्षमतेला एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. पण पॅनेलचे पाय आधी रोवले आणि वॉटरप्रूफिंग नंतर काढले, की दोन्ही कामे बिघडतात. शिवाय वाटणी झालेल्या वाड्यांत गच्ची एकाची नसते. भावाभावांची लेखी संमती आधी घ्यावी, नाहीतर अनुदानाच्या अर्जापेक्षा भाऊबंदकीच लांबते. भाडेकरूच्या घरात अडचण वेगळी: खर्च मालकाचा आणि बिलाची बचत भाडेकरूची. तिथे भाडे किती आणि खर्चाचा कोणता वाटा कोणाचा, हे कामाआधी ठरले, तरच काम पुढे सरकते.

मिस्त्रीशी व्यवहार लेखी असावा. कामाच्या बाबी, मापे, दर, सिमेंट-पाणीरोधकाची जात आणि हप्ते कागदावर असावेत, आणि निदान एक हप्ता पहिला मोठा पाऊस होऊन जाईपर्यंत राखून ठेवावा. चांगला वास्तुविशारद मिस्त्रीला बाजूला सारत नाही. त्याचा अनुभव विचारतो, रेखाटन त्याला समजेल असे जागेवर काढून दाखवतो. या शहरातल्या मिस्त्रींचे हात कसबी आहेत. त्यांना आजवर कोणी नीट आराखडाच दिलेला नाही.

इथे निगमाचा संबंध येतो. बांधकाम परवानगीची ऑनलाइन व्यवस्था निगमाकडे आहे, रुंदीकरणातल्या घरमालकांची यादीही निगमाकडेच आहे. त्या प्रत्येक घरमालकाला भरपाईच्या कागदांसोबत एका वास्तुविशारदाच्या एका भेटीचे कूपन देता येईल. त्यासाठी नोंदणीकृत वास्तुविशारदांची खुली नामिका (पॅनेल) करावी, एका भेटीचे आणि अहवालाचे मानधन निगमाने ठरवून जाहीर करावे, आणि नामिकेतल्यांना त्याच घराच्या साहित्यविक्रीत हितसंबंध ठेवायला मनाई असावी. भोपाळच्या दोन संस्थांच्या विद्यार्थ्यांकडून, प्राध्यापकांच्या देखरेखीखाली, जुन्या पेठांतल्या पाच-सहा नेहमीच्या घरांच्या प्रकारांसाठी नमुना आराखडे करून घेता येतील: अरुंद दर्शनी भागाचे घर, चौकाचे घर, वर खोली चढवलेले घर. ते परवानगीच्या खिडकीवर हिंदीत आणि मराठीतही मोफत मिळावेत. या शहरात शिंदेशाहीपासून मराठी घरे आहेत. होमस्टेला परवानगी देताना वरच्या खोलीच्या छतावर परावर्तक रंग किंवा उष्णतारोधक थर आहे का, एवढा एक प्रश्न अर्जात घालायला खर्च नाही.

छताच्या बाबतीत इतर शहरांनी वाट दाखवली आहे. अहमदाबादने २०१३मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि २०१७मध्ये पांढऱ्या छतांची मोहीम त्याला जोडली. तेलंगणाने २०२३मध्ये शीत छतांसाठी राज्याचे धोरणच जाहीर केले. उज्जैनला धोरणाची वाट पाहायची गरज नाही. निगमाच्या स्वतःच्या शाळा, झोन कार्यालये आणि रैनबसेरे यांची छते येत्या मार्चअखेर पांढरी करता येतील, आणि मे महिन्यात एका रंगवलेल्या व एका न रंगवलेल्या वर्गाचे तापमान दाराबाहेर फळ्यावर रोज लिहिता येईल. पालक ते वाचतील आणि आपल्या घराच्या छताबद्दल विचारायला येतील. त्या वेळी परवानगीच्या खिडकीवर नामिका, ठरलेले मानधन आणि नमुना आराखडे तयार असले पाहिजेत. रुंदीकरणाच्या पुढच्या टप्प्याच्या नोटिसा निघण्याआधी ही व्यवस्था उभी राहावी, अशी विनंती आहे.

कळावे.

उज्जैनचा एक मराठी रहिवासी